निषेधाचा अर्ज

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश मार्च 2006 च्या आरंभी भारतभेटीवर येणार असल्याचे वर्तमानपत्रांत वाचले, तेव्हा आमच्या शेतात फरदडीची, म्हणजे मुख्य बहारानंतर शेतात राखलेल्या कापसाची, शेवटची वेचणी चालू होती आणि मागच्या वेचणीचा कापूस भावाची वाट पाहत घराच्या पडवीत पडून होता. या भेटीच्या निषेधार्थ तालुक्याच्या गावी मोर्चा काढावा का, हे ठरवण्यासाठी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक बोलावली होती. मी त्या बैठकीला निघाले आहे हे कळल्यावर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मला आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत विचारले, "तो काय आठे ई राह्यना का, पोरी? मंग आठे मोर्चा कसाले?" म्हणजे, तो काय इथे येतो आहे, मग इथे मोर्चा कशाला? त्या विचारण्यात टोमणा नव्हता. कापसाच्या भावासाठी आबा स्वतः रस्त्यावर बसलेले होते, पोलिसांच्या गाडीतूनही गेलेले होते; ज्याच्याकडे मागणे मागायचे त्याच्याच दारात जायचे, असा त्यांचा जन्मभराचा हिशेब होता. मला त्या दिवशी त्यांना नीट उत्तर देता आले नाही. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही जे केले त्यातला मोठा भाग याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेला, म्हणून तो अनुभव क्रमाने लिहून ठेवत आहे.

बैठकीला तीसेक माणसे होती. डाव्या पक्षांनी देशभर निषेधाची हाक दिलेली होती, त्यामुळे त्या पक्षांचे आणि समाजवादी चळवळीतले जुने कार्यकर्ते आले होते. शिवाय दोन निवृत्त शिक्षक, महाविद्यालयातली काही मुले, मुस्लिम वस्तीतले दहा-बारा तरुण आणि आम्ही शेतकरी. बायका आम्ही चौघीच होतो. पहिला तास इराकवरच गेला. 20 मार्च 2003 रोजी अमेरिकेने इराकवर हल्ला केला तो तेथे महासंहारक शस्त्रे दडवलेली आहेत असे सांगून, आणि पुढे अमेरिकेच्याच तपास पथकाला 2004 मध्ये तसे साठे सापडले नसल्याचे लिहून द्यावे लागले. इराकमधल्या अबू घरेबच्या तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे त्याच वर्षी साऱ्या जगाने पाहिली होती. हे सगळे बोलून झाल्यावर आमच्या शेजारच्या गावचे एक शेतकरी उठले आणि म्हणाले, की इराक लांब आहे, आमच्या गावातून कोणी इराकसाठी येणार नाही, कापसाचे काही असेल तर बोला. त्यावर एका तरुणाने माझ्याकडे पाहून जे उत्तर दिले ते मी कधी विसरले नाही. "ताई, कापसाचा भाव पुढच्या वर्षी वाढेलही. तिथं मेलेली पोरं परत येणार नाहीत." खोलीत शांतता पसरली. मला त्याचे म्हणणे पटले होते आणि शेतकऱ्याचेही पटले होते. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मांडता येतील का, हे पाहण्याचे काम मी मागून घेतले, कारण त्या खोलीत वेचणीचा आणि कागदाचा असा दोन्हीचा सराव असलेली मीच होते.

कापसाचा बुश यांच्या भेटीशी काय संबंध, हे मला आधी स्वतःलाच समजावून घ्यावे लागले. आमच्याकडे त्या हंगामात सगळा राग मुंबईवर, म्हणजे राज्य सरकारवर होता, आणि तो योग्यच होता. राज्य सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीत हमीभावावर जे जादा 500 रुपये मिळत होते ते 2005-06 च्या हंगामात बंद झाले आणि लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 1980 रुपयांच्या हमीभावावर भागवावे लागले. बाजारात भाव असता तर हमीभावाकडे कोणी पाहिलेही नसते. पण बाजारातला भाव मुंबईत ठरत नाही आणि जळगावलाही ठरत नाही. कापूस जगभर विकला जातो, त्यात तेव्हा सर्वांत मोठा निर्यातदार देश अमेरिका होता, आणि तिथले सरकार आपल्या पंचवीस हजारांच्या आसपास असलेल्या कापूस उत्पादकांना भाव पडला की फरकाची रक्कम देत असे. त्यामुळे भाव पडला तरी तिथल्या शेतकऱ्याला पेरा कमी करावा लागत नसे, तो कापूस जागतिक बाजारात येत राही आणि भाव आणखी खाली बसे. ब्राझीलने हे प्रकरण 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे नेले होते. 1999 पासूनच्या चार हंगामांत अमेरिकेने कापसावर सुमारे साडेबारा अब्ज डॉलर अनुदान दिले, असा ब्राझीलने मांडलेला आकडा होता, आणि त्या चार हंगामांतल्या अमेरिकेच्या साऱ्या कापसाची किंमत त्याहून फारशी अधिक नव्हती. निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, आणि मार्च 2005 मध्ये अपिलातही तो कायम राहिला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले चार गरीब देशही हेच गाऱ्हाणे मांडत होते. बुर्किना फासो हे नाव मी पहिल्यांदा त्याच आठवड्यात वाचले आणि तिथली बाई माझ्यासारखीच पदर खोचून बोंडे वेचत असेल, असे मनात येऊन गेले.

दुसरी बाब बियाण्याची होती. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या कापसाला, 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि 450 ग्रॅमच्या पिशवीला आम्ही सोळाशे रुपयांच्या वर मोजत होतो. त्यातले सुमारे 1250 रुपये केवळ अमेरिकी कंपनीच्या त्या जनुकाच्या स्वामित्वापोटी जातात, हे आंध्र प्रदेश सरकारने जानेवारी 2006 मध्ये मक्तेदारीविरोधी आयोगाकडे केलेल्या तक्रारीमुळे बाहेर आले होते. आबांना मी हा हिशेब त्यांच्या भाषेत करून दाखवला. एकराला लागणारी एक पिशवी म्हणजे ऐंशी किलो कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल निघतो, त्यातला ऐंशी किलो पेरणीआधीच गेला. आबा बोटांवर काही मोजत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. शिवाय जुलै 2005 मध्ये मनमोहन सिंग आणि बुश यांनी शेती-संशोधनातल्या सहकार्याचा एक उपक्रम जाहीर केला होता. त्याच्या मंडळावर अमेरिकेतल्या बियाणे आणि किरकोळ व्यापारातल्या बड्या कंपन्यांचे प्रतिनिधी बसणार होते. आमच्या शेतीचे संशोधन कोणत्या दिशेला जावे हे ठरणार असेल, तर त्याचा मसुदा मराठीतून आमच्यापुढे यावा, एवढी अपेक्षा मला तेव्हाही अवाजवी वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

निवेदन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना, तहसीलदारांमार्फत, असे लिहायचे ठरले. बुश यांना उद्देशून लिहावे असे मुलांचे म्हणणे होते, पण एका निवृत्त गुरुजींनी ते मोडून काढले: परक्या राष्ट्रप्रमुखाशी आपले काही नाते नाही, आपले नाते आपल्या राष्ट्रपतींशी आहे आणि पाहुण्याला काय सांगायचे ते यजमानाने सांगावे, ही मागणी आपण यजमानाकडे करायची. आबांच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा मला तिथे झाला. ज्याच्या दारात जायचे ते दार आपल्याच देशाचे होते, आणि ते तालुक्याच्या कचेरीतूनही उघडते.

शब्दांवरून मात्र दोन संध्याकाळी गेल्या. एप्रिल 2003 मध्ये लोकसभेने इराकवरील हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला तेव्हा हिंदी मसुद्यात 'निंदा' हा शब्द वापरला गेला आणि इंग्रजी मसुद्यातला शब्द त्याहून सौम्य राहिला, अशी तडजोड झाली होती. एका कार्यकर्त्याने तोच शब्द आपणही घ्यावा असे सुचवले, म्हणजे संसदेने जे म्हटले तेच आम्ही म्हणत आहोत असे दाखवता येईल. गुरुजी म्हणाले, मराठीत निंदा पाठीमागे होते, तोंडावर होतो तो निषेध. तो शब्द तिथेच कायम झाला. पहिला परिच्छेद इराकचा, दुसरा कापसाच्या अनुदानाचा, तिसरा बियाण्याचा आणि शेती-सहकार्याच्या मसुद्याचा, असा कागद तयार झाला. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या अणुकराराविषयी आमच्यात एकमत नव्हते, म्हणून तो विषय आम्ही घेतलाच नाही. ज्या वाक्याखाली प्रत्येकाला मोकळ्या मनाने सही करता येणार नाही ते वाक्य निवेदनात नको, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

सह्या गोळा करणे हे मोर्चापेक्षाही अवघड काम आहे, हे तेव्हा कळले. खरेदी केंद्रासमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्र रात्र रांगेत उभे असत, तिथे माणूस रिकामा असतो आणि ऐकून घेतो. आम्ही दोघी-तिघी तिथे जाऊन निवेदन मोठ्याने वाचत असू. पहिला परिच्छेद संपेपर्यंत लोक शांत बसत, दुसरा सुरू झाला की जवळ सरकत, आणि सही करताना बरेच जण पुन्हा पहिल्या परिच्छेदाबद्दल विचारत. इराकमध्ये शेती होते का, तिथे पाऊस पडतो का, असे प्रश्न आले. दजला आणि फरात या नद्यांची नावे मी शाळेत पाठ केली होती, ती तिथे उपयोगी पडली. आठवडी बाजारात मात्र निभाव लागेना, कारण त्याच सुमारास, 18 फेब्रुवारीला, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये बर्ड फ्लू आढळल्याचे जाहीर झाले. देशातला तो पहिलाच उद्रेक होता. नवापूरच्या पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या, अंड्यांच्या टोपल्या बाजारातून नाहीशा झाल्या, आणि कोंबडीखाद्याला जाणाऱ्या मक्याला आमच्याकडे गिऱ्हाईक उरले नाही. लोक सही करण्याआधी आपल्या मक्याचे विचारत, आणि त्यांचे विचारणे रास्त होते. मोर्चा पुढे ढकलावा, असा सूरही निघाला. पण पाहुण्याच्या तारखा आमच्या हातात नव्हत्या. अखेर तेरा कागद भरले. शेवटच्या कागदावर, चुलीजवळ बसलेल्या आबांनी स्वतःहून म्हटले, "मन्हं नाव बी लिख." मी त्यांचे नाव लिहिले आणि पुढे त्यांनी जांभळ्या शाईचा अंगठा उठवला.

परवानगीची पद्धत ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते. मोर्चाचा अर्ज पोलीस ठाण्याला द्यावा लागतो आणि त्याची प्रत तहसीलदारांना. अर्जात तारीख, वेळ, जमण्याचे ठिकाण, मार्ग, समारोपाचे ठिकाण, अंदाजे किती माणसे येतील, घोषणा कोणत्या असतील आणि जबाबदार व्यक्ती कोण, हे सर्व लिहायचे असते. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागावी लागते. बारावीची परीक्षा चालू असल्याने तो आम्ही मागितलाच नाही. मार्ग बाजार समितीच्या आवारापासून तहसील कचेरीपर्यंतचा, दिवस 2 मार्चचा, गुरुवारचा, वेळ सकाळी अकराची. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेतल्याखेरीज तिथून हलायचे नाही, हे मला जुन्या कार्यकर्त्यांनी बजावले होते. कारकून म्हणाले, शिक्का नंतर न्या. मी बाकावर पावणेदोन तास बसून राहिले आणि शिक्का घेऊनच उठले. पुढे जे घडले त्यात तो शिक्काच आमच्या कामी आला.

त्यानंतर साध्या वेशातले एक पोलीस कर्मचारी दोनदा घरी येऊन गेले. ते सभ्यपणे बोलत आणि सगळे लिहून घेत: घरात किती माणसे, जमीन किती, मी कोणत्या पक्षाची, मुस्लिम वस्तीतले कोण कोण येणार. शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. जे येणार आहेत ते तालुक्याचे रहिवासी म्हणून येणार आहेत, असे मी सांगितले. डेन्मार्कच्या वर्तमानपत्रातल्या पैगंबरांच्या व्यंगचित्रांवरून त्या महिन्यात देशात ठिकठिकाणी निदर्शने झाली होती आणि पोलिसांना त्याची काळजी असणे स्वाभाविक होते. तरी एका वस्तीची वेगळी यादी मागणे मला अपमानाचे वाटले, आणि तो अपमान ज्यांची यादी मागितली त्यांच्याइतकाच माझाही होता.

पुतळा जाळायचा की नाही, यावर आमच्यात मतभेद झाला. मुलांनी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, बुश यांचा पुतळा बांधायला घेतला होता. मुंबई पोलीस कायद्याच्या (आता त्याचे नाव महाराष्ट्र पोलीस कायदा) कलम 37 खाली मनाई आदेश लागू असला की पुतळे मिरवायलाही बंदी असते, हा कायद्याचा भाग झाला. माझी हरकत वेगळी होती. ज्या पऱ्हाट्यांवर आमचे वर्ष निघते त्या पेटवून, त्यात एका माणसाचा चेहरा जळताना पाहून आपल्या लेकरांनी टाळ्या वाजवाव्यात, हे मला सोसवत नव्हते. साने गुरुजींनी ज्या खानदेशात मुलांना शिकवले, गिरणी कामगारांना उभे केले आणि धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेतली, त्या प्रांतात निषेधाची आणखी चांगली रीत सापडली पाहिजे, असे मी म्हणाले. मुले नाराज झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकीने घरोघरच्या माळ्यांवरून बीटी बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या गोळा करून त्या सुतळीत ओवल्या. ती माळ चाळीस हात लांब झाली. पुतळा तसाच कोपऱ्यात पडून राहिला आणि पुढे सरपणात गेला.

1 मार्चच्या रात्री आठच्या सुमारास दोन कागद घरी आले. एक मोर्चाला परवानगी नाकारल्याचा, कारण जिल्ह्यात मनाई आदेश लागू आहे. दुसरा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 खालची नोटीस, की कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल. अर्ज देऊन दहा दिवस झाले होते. नकार द्यायचा होता तर तो आधीही देता आला असता, म्हणजे आम्हाला वरच्या कार्यालयात दाद मागता आली असती. रात्री आठला मिळालेल्या नकाराविरुद्ध सकाळी अकरापर्यंत कोणाकडे जायचे, याचे उत्तर कोणत्याच कायद्यात नाही. मी नोटीस घेतल्याची सही केली आणि तिच्याखाली लिहिले, की अर्ज अमुक आवक क्रमांकाने अमुक तारखेला दिलेला आहे. त्याच रात्री दिल्लीच्या विमानतळावर बुश उतरल्याचे दूरदर्शनवर दाखवत होते.

रात्री आमच्या ओसरीवर सगळे पुन्हा जमले. कोणी म्हणाले, चार-चारच्या गटाने जाऊन नुसते निवेदन देऊ. कोणी म्हणाले, रद्द करू. माझ्या मनात भीती होती हे मी नाकारत नाही. मुलगी आठ वर्षांची होती, आणि नोटिशीवर माझे नाव पूर्ण, सासरच्या गावासकट लिहिलेले होते. गुरुजींनी नंदुरबारच्या शिरीषकुमारची आठवण काढली नाही, जी असल्या प्रसंगी आमच्याकडे हटकून काढली जाते, आणि मला ते बरे वाटले. 9 सप्टेंबर 1942 रोजी त्या कोवळ्या मुलाने गोळ्या झेलल्या. आम्हाला फार तर एक दिवस ठाण्यात बसावे लागणार होते. शेवटी ठरले असे: सगळ्यांनी एकत्र निघायचे, अडवतील तिथे थांबायचे, कोणाला हात लावायचा नाही, पळायचे नाही, आणि ताब्यात घेतले तर शांतपणे गाडीत बसायचे. ज्यांच्या घरी परीक्षेची मुले किंवा आजारी माणसे होती त्यांना आम्हीच घरी राहायला सांगितले.

सकाळी बाजार समितीच्या आवारात दोनशेच्या आसपास माणसे जमली. शेतकऱ्यांच्या हातात निवेदनाच्या प्रती होत्या, पुढे बियाण्याच्या पिशव्यांची ती माळ आठ बायकांनी धरली होती, आणि तिच्यामागे मुस्लिम वस्तीतले तरुण आणि महाविद्यालयातली मुले मिसळून उभी होती. 'बुश परत जा' ही घोषणा देशभर होती तशी आमच्याकडेही झाली. तिच्याबरोबर 'कापसाला भाव द्या' आणि 'युद्ध थांबवा' या दोन घोषणा आळीपाळीने दिल्या गेल्या. पहिल्या दिवशी ज्या शेतकऱ्याने इराक लांब आहे म्हटले होते, त्यांचा आवाज 'युद्ध थांबवा'ला सर्वांत मोठा होता. आम्ही तीनशे पावले चाललो असू, तेवढ्यात चौकात पोलिसांनी आडवे होऊन थांबवले. अधिकाऱ्यांनी मनाई आदेश वाचून दाखवला, आम्ही रस्त्यावर बसलो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ताब्यात घेण्यास सुरुवात झाली. महिला पोलीस दोनच होत्या; त्यांनी आम्हाला हाताला धरून उठवले, ओढाताण केली नाही. पिशव्यांची माळ मात्र जप्त झाली. ती नेताना एका हवालदाराच्या बुटात अडकून तुटली आणि पिशव्या चौकभर पसरल्या. आमच्यातल्या एका म्हातारीने खाली बसून त्या एकेक करून वेचल्या आणि हवालदाराच्या हातात दिल्या.

ठाण्याच्या मागच्या पटांगणात आम्हाला बसवले. जागेची कमतरता होती, पाण्याची नव्हती. मुंबई पोलीस कायद्याच्या कलम 68 प्रमाणे ताब्यात घेणे आणि कलम 69 प्रमाणे सोडणे, अशी ही ठरलेली पद्धत आहे; तीत न्यायालयापुढे नेत नाहीत, फक्त नाव, वय, गाव, धंदा लिहून घेतात. लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कागदावर एक रकाना 'आंदोलनाचे कारण' असा होता आणि त्यात त्यांनी पहिल्या नावापुढे 'बुश यांचे भारत भेटीस विरोध' असे लिहून खाली सगळीकडे वरीलप्रमाणेच्या खुणा ओढल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "साहेब, कारण अपुरे आहे. निवेदनात तीन कारणे आहेत." ते म्हणाले, "ताई, रकाना एवढाच आहे." मी निवेदनाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि निदान माझ्या नावापुढे तरी युद्ध, कापूस आणि बियाणे हे तीन शब्द लिहावेत अशी विनंती केली. ते क्षणभर थांबले, मग बारीक अक्षरात तिन्ही शब्द लिहिले. माझ्यामागून आलेल्यांनी सगळ्यांनीच तसा आग्रह धरला, आणि संध्याकाळपर्यंत त्या कर्मचाऱ्याने तेवढेच तीन शब्द शंभराहून अधिक वेळा लिहिले असतील. तक्रार न करता लिहिले, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे.

दुपारी चारच्या सुमारास तहसील कचेरीतून नायब तहसीलदार पटांगणात आले आणि त्यांनी तिथेच निवेदन स्वीकारले. सह्यांचे तेरा कागद मी त्यांच्या हातात मोजून दिले आणि आमच्या प्रतीवर पोच घेतली. दिवस मावळायच्या आत आम्हाला सोडण्यात आले. त्याच दिवशी दिल्लीत अणुकराराची घोषणा झाली आणि रामलीला मैदानावर प्रचंड मोर्चा निघाला. राजघाटावर सुरक्षेच्या तपासणीसाठी कुत्रे नेल्याची बातमी मी दुसऱ्या दिवशी वाचली, आणि गांधीजींच्या समाधीशी झालेल्या त्या वागण्याने मला जेवढे दुःख झाले तेवढे ठाण्यात बसण्याने झाले नव्हते. 3 मार्चला बुश हैदराबादच्या कृषी विद्यापीठात गेले, तिथे शेतकऱ्यांशी बोलले. शेती-सहकार्याच्या त्या उपक्रमासाठी अमेरिकेने तीन वर्षांत 10 कोटी डॉलरची तयारी दाखवली. त्याच दिवशी लखनऊमध्ये निदर्शनांना हिंसक वळण लागून माणसे दगावली. ते वाचल्यावर ज्या तरुणांची वेगळी यादी मागितली गेली होती ते आमच्या ओसरीवर येऊन बराच वेळ गप्प बसून होते.

पुढच्या पंधरवड्यात जळगाव जिल्ह्यातही बर्ड फ्लू आढळला आणि आमच्या मोर्चाचा विषय लोकांच्या बोलण्यातून गेला. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली होती ती पाच ओळींची, त्यात कापसाचा उल्लेख नव्हता. मे महिन्यात मक्तेदारीविरोधी आयोगाने बियाण्यावरचे ते स्वामित्वशुल्क कमी करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि आंध्रात पिशवी 750 रुपयांवर आली. तो विजय आंध्र सरकारच्या तक्रारीचा होता. आमच्या तेरा कागदांचा त्यात वाटा होता असे मी म्हणणार नाही.

माझ्या मनात मात्र ते तेरा कागद कुठे गेले, हा प्रश्न राहिला. माहितीचा अधिकार ऑक्टोबर 2005 मध्ये नुकताच लागू झाला होता. जून उजाडल्यावर, पेरणीआधी, मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला: अमुक तारखेला स्वीकारलेले निवेदन कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने, कोणाकडे पाठवले, आणि त्याची प्रमाणित प्रत सह्यांच्या कागदांसह मिळावी. तालुक्यातला असा अर्ज बहुधा पहिल्या काहींपैकी असावा, कारण तो कोणत्या टेबलावर घ्यायचा यावर कचेरीत अर्धा तास चर्चा झाली. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले. निवेदन 6 मार्चला जिल्ह्याला पाठवले, पुढील कार्यवाहीची माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही, आणि स्थळप्रत दप्तरी दाखल करण्यात आली आहे. पानाला दोन रुपये याप्रमाणे पैसे भरून मी निवेदनाची आणि सह्यांची प्रमाणित प्रत घरी आणली.

पाऊस लांबला होता आणि आबा पडवीत सरकी निवडत बसले होते. मी प्रत त्यांच्यापुढे ठेवली. प्रत्येक पानावर गोल शिक्का होता आणि झेरॉक्समध्ये जांभळी शाई काळी उतरली होती. त्यांनी एकेक पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, शेवटच्या पानावर थांबले आणि बोट ठेवून म्हणाले, "हाऊ मन्हाच अंगठा शे." मग सरकारकडून काय उत्तर आले ते त्यांनी विचारले आणि मी होते तसे वाचून दाखवले. 'दप्तरी दाखल' म्हणजे काय, हे त्यांना माहीत होते. त्यांच्या बांधाच्या मोजणीचा अर्जही एकदा तसाच दाखल होऊन नंतर नऊ वर्षांनी निघाला होता. त्यांनी पाने जुळवून माझ्या हातात दिली आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवायला सांगितली. ती तिथेच आहे.